गाडीचा अर्थ

दिवा मंद झाला म्हणजे मनुष्य प्रथम दिव्याकडे पाहतो. ही सवय फार जुनी आहे आणि तिला कारणही तसेच सबळ आहे. समई, चिमणी आणि कंदील यांच्या राज्यात मंदपणाची जी काही कारणे असत, ती सारी दिव्याच्या ठायीच असत. तेल सरले असेल, वात काजळली असेल, काच धुरकटली असेल. याहून चौथे कारण सहसा संभवत नसे. डोळ्यांनी पाहावे, वात चिमटावी, राखेने काच पुसावी, की दिवा पूर्ववत् तेजाळत असे. तेल वातीतून वर चढे आणि जळून जाई. ते परत कोठे जात नसे. घेणे आणि देणे एवढेच त्या दिव्याला ठाऊक होते; परत करणे ठाऊक नव्हते.

विजेचा दिवा याहून अगदी निराळ्या कुळीचा आहे. वीज ही तेलासारखी जळून संपणारी वस्तू नव्हे. ती बॅटरीच्या एका टोकाकडून निघते, दिव्यातील बारीक तारेतून धावते, तेथे आपली शक्ती खर्च करून उजेड पाडते आणि नंतर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे परत जाते. जितका प्रवाह गेला, तितकाच परत आला पाहिजे. या हिशेबात सूट नाही आणि उधारीही नाही. परतीची वाट अरुंद झाली की जाण्याची वाट कितीही प्रशस्त असली तरी प्रवाह रोडावतोच. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रवाह, दाब आणि रोध यांचा जो संबंध मांडला, त्याचे मर्म हेच आहे. रोध संपूर्ण वर्तुळाचा मोजावयाचा असतो. तो दिव्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, जाण्याच्या वाटेवर आहे की येण्याच्या, अशी चौकशी निसर्ग करीत नाही.

इतके कळल्यावर मोटारगाडीच्या पोटात डोकावून पाहणाऱ्यास एक आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. प्रत्येक दिव्याकडे जाणारी तार तेथे स्पष्ट दिसते. परतीची तार मात्र वीतभर जाऊन कोठेतरी जवळच्या पत्र्याला एका बोल्टने टाचलेली असते आणि तेथेच नाहीशी होते. बॅटरीचे ऋण टोकही असेच एका जाड पट्टीने गाडीच्या सांगाड्याला व इंजिनाला जोडलेले असते. या दोहोंमधील सारा प्रवास गाडीच्या पोलादी देहातून होतो. मडगार्ड, चौकट, आडवे खांब हे सारे मिळून एक मोठी परतीची तार बनते. त्यामुळे तांब्याची जवळजवळ निम्मी बचत होते. युक्ती नामी खरी. परंतु तिच्यात एक गोम आहे. तार अखंड असते. देह सांध्यांचा बनलेला असतो, आणि सांधा म्हटला की गंज आलाच.

या देहरूपी परतीच्या वाटेला इंग्रज लोकांनी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी, असे नाव दिले. वस्तुतः चार रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा पृथ्वीशी विजेचा म्हणावा असा संबंधच नसतो. हे नाव तारायंत्राच्या काळापासून उसने आलेले आहे. १८३८ साली श्टाइनहाइल नावाच्या जर्मन संशोधकाने न्यूर्नबर्ग ते फ्यूर्थ या आगगाडीच्या रुळांचाच तारेसारखा उपयोग करून संदेश धाडता येईल काय, हे पडताळून पाहिले. रुळांतील वीज जमिनीत झिरपू लागली आणि प्रयोग फसला. परंतु फसलेल्या प्रयोगातून त्याने मोठाच बोध घेतला. वीज जर जमिनीतून इतक्या सहजपणे जाते, तर परतीसाठी दुसरी तार हवीच कशाला? पृथ्वीच ती परत आणील. तेव्हापासून तारायंत्राची परतीची तार पृथ्वीच झाली, आणि पुढे ज्या ज्या यंत्राने आपल्या देहातूनच वीज परत नेली, त्या त्या यंत्राच्या देहालाही ‘पृथ्वी’ हीच पदवी मिळाली.

आमच्या महाराष्ट्रातील कारागिरांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला आणि त्यामुळे मोठी मौज झाली. ‘अर्थ गेला’, ‘अर्थ सैल आहे’, ‘अर्थ नीट लागत नाही’ ही वाक्ये वस्तुतः एखाद्या टीकाकाराने नवकवीच्या संग्रहावर लिहावीत अशी. ती आमच्याकडे तेलकट हातांचे लोक गाडीच्या टपाखाली डोके घालून रोज उच्चारतात. आम्ही ही वाक्ये प्रथम ऐकली तेव्हा हसलो. पुढे इन्सुलीस जे पाहिले, त्यानंतर मात्र या वाक्यांत केवळ विनोद आहे असे आम्हांस वाटेनासे झाले.

इन्सुली हे सावंतवाडी तालुक्यातील गाव. सावंतवाडीहून बांद्याकडे जाणारा जुना रस्ता इन्सुलीचा घाट उतरून येतो. पलीकडे तेरेखोल नदी, बांदा, आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग, पूर्वीचा १७ क्रमांकाचा आणि आता ६६ क्रमांकाचा, याच गावाला स्पर्श करून जातो. हद्द जवळ असल्यामुळे येथे तपासणी नाका आहे, आणि इन्सुली म्हटले की मालमोटारी हाकणाऱ्या परप्रांतीय माणसालाही प्रथम तो नाकाच आठवतो. गावाचे खरे रूप मात्र नाक्यावर दिसत नाही. ते आत वळल्यावर दिसते: जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून गेलेल्या पाणंदी, माडांची व फणसांची दाट सावली, आणि पावसाळ्यात या सर्वांवर चढलेले हिरवेगार शेवाळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे पाऊस पडतो असे म्हणण्यापेक्षा मधूनमधून तो थांबतो असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. समुद्रही फार लांब नाही. अशा हवेत लोखंड हा पदार्थ फार काळ लोखंड राहत नाही.

आमचे थोरले चुलत बंधू, ज्यांना सारे कुटुंब दादा म्हणते, ते निवृत्तीनंतर याच गावी जुन्या घरात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. दारात चौदा वर्षांची एक लहान मोटार. ती त्यांची हौस नव्हे, गरज आहे. वहिनींना दर पंधरवड्यास उपचारासाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. सिंधुदुर्गातील पुष्कळशा कुटुंबांना मोठ्या दुखण्यात तेच रुग्णालय जवळचे वाटते. आणि तेथे लवकर नंबर लागावा म्हणून घरून पहाटे साडेचारच्या सुमारास निघावे लागते. म्हणजे रस्ता अंधाराचा. समोरून येणाऱ्या मालमोटारींचे झगझगीत झोत, कडेला बसलेली गुरे, डोक्यावर खोळ घेऊन चाललेले एखादे माणूस, आणि काचेवर सतत आपटणारा पाऊस. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. कडेच्या गुराची आकृती एक सेकंद उशिरा दिसणे म्हणजे काय, ते या आकड्यावरून वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

गेल्या आषाढात आम्ही इन्सुलीस गेलो, तेव्हा दादांनी गाडी विकावयाचे ठरविले होते. कारण विचारता ते शांतपणे म्हणाले, “डोळे गेले आमचे.” दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे रात्रीचे दिसणे पुन्हा हळूहळू कमी झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून डोळे उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. परंतु रस्ता अंधुक दिसतो ही गोष्ट डॉक्टरांच्या निर्वाळ्याने कशी बदलावी? गाडीकडेही दुर्लक्ष झालेले नव्हते. एका गॅरेजात बल्ब दोन वेळा बदलून झाले होते, दिव्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून झाल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेस अधिक वॅटचे बल्ब घालावेत असा सल्लाही मिळाला होता. नवे बल्ब घालूनही फरक पडेना, तेव्हा दिवे निर्दोष ठरले आणि सारा दोष दादांच्या डोळ्यांवर येऊन पडला. दादांनी तो मुकाट्याने पत्करला. बांबोळीच्या फेरीसाठी ते भाड्याची गाडी सांगू लागले. कातरवेळेनंतर बाहेर पडणे बंद झाले. बांद्यास भजनाला जाण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता, तोही सुटला. “वय झाला” एवढ्या दोन शब्दांत त्यांनी हा सारा व्यवहार मिटवून टाकला.

“वय झाले” हे स्पष्टीकरण मोठे विलक्षण आहे. ते कशालाही लागू पडते आणि म्हणूनच कशाचाही उलगडा करीत नाही. ते एकदा उच्चारले की पुढचा शोध थांबतो. घरातील माणसे सहानुभूतीने मान हालवितात, आणि जो दोष पान्याच्या दोन फेऱ्यांनी निघण्याजोगा आहे, तोही म्हातारपणाच्या खाती कायमचा जमा होऊन बसतो. मंदपणा जर एका रात्रीत आला असता, तर दादांनीही तो गाडीचाच मानला असता. परंतु गंज एका रात्रीत चढत नाही. तो ऋतूमागून ऋतू चढतो, आणि उजेड इतक्या सावकाश ओसरतो, की पाहणाऱ्याला दिवा विझत चालला आहे असे न वाटता आपणच विझत चाललो आहोत असे वाटू लागते.

वहिनींनी नाक्याकडच्या रस्त्यावरील एका वायरिंगवाल्याला निरोप धाडला, तो गाडी विकण्यापूर्वी तिचा हॉर्न तेवढा दुरुस्त व्हावा म्हणून. दिवेलागणीच्या वेळी तो आला. तिशीच्या आतला तरुण, बोलणे थोडके. हॉर्न पाहता पाहता त्याने दिवे लावून पाहिले आणि दादांना म्हणाला, “काकानू, डावो इंडिकेटर देवन् बघा.” दादांनी दिला. इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीसरशी पुढचे दोन्ही मोठे दिवे किंचित दबू लागले, जणू त्यांचीही पापणी लवत होती. तो तरुण हसला आणि म्हणाला, “दिव्याचो काय दोष नाय. अर्थ गावना नाय.”

त्याचे अनुमान कसे बरोबर होते, ते सांगावयास हवे. पुढील दोन्ही मोठे दिवे आणि डावा इंडिकेटर या गाडीत एकाच बोल्टवर परतीची तार टाचून होते. तो सांधा गंजला असेल, तर तेथे आधीच दाटी झालेली असते. तशात इंडिकेटर लागला की त्याचा प्रवाहही त्याच अरुंद दारातून जाऊ पाहतो. दाटी वाढते आणि दोन्ही दिव्यांच्या वाट्याचा दाब तेवढ्यापुरता आणखी कमी होतो. इंडिकेटर विझला की दिवे पुन्हा सावरतात. बल्ब किंवा बॅटरी सदोष असती, तर दिवे असे ताल धरून लवले नसते. काही गाड्यांत याहून चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. मागच्या दिव्यांचा अर्थ अगदीच तुटला, तर ब्रेक दाबला असता भलताच दिवा मिणमिणू लागतो. वीज आपली वाट बंद झालेली पाहून शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटी शिरते आणि त्याच्या वाटेने घरी जाऊ पाहते. स्वतःच्या परतीची वाट बुजली की दुसऱ्याच्या घरातून जावे लागते, आणि तसे जाताना दोन्ही घरांत उजेड अर्धवटच पडतो.

नंतर त्या तरुणाने आपला मीटर काढला. इंजिन चालू असता बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १३.८ व्होल्ट दाब होता. म्हणजे पुरवठा उत्तम होता. दिव्याच्या दोन टोकांमध्ये मात्र अवघे ११.२ व्होल्ट भरले. उरलेले २.६ कोठे गेले? जाण्याच्या वाटेवर, म्हणजे स्विच, रिले आणि तारा मिळून, ०.५ व्होल्ट खर्च होत होते; चौदा वर्षांच्या गाडीला ते शोभण्यासारखे आहे. मग त्याने मीटरची एक कांडी दिव्याच्या परतीच्या टोकावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर टेकवली. दिवा चालू असता या दोहोंत फरक जवळजवळ नसावाच. फार तर एक-दोन दशांश व्होल्ट चालेल. येथे तो २.१ व्होल्ट होता. हिशेब पुरा झाला. जमा आणि खर्च दशांशापर्यंत जुळले, आणि चोरी कोणत्या खोलीत होते तेही ठरले.

कोणी म्हणेल, तेरा-चौदांतून दोन व्होल्ट गेले तर एवढा काय अनर्थ झाला? तापलेल्या तारेच्या दिव्याचा स्वभाव येथे लक्षात घेतला पाहिजे. अशा दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही. तो त्याहून किती तरी अधिक वेगाने घटतो. जुन्या हिशेबाने सांगावयाचे, तर रुपयातील अडीच आणे दाब कमी झाला की उजेडातील सुमारे सात आणे नाहीसे होतात, आणि जे नऊ आणे उरतात तेही तांबूस, रोगट दिसतात. हे सात आणे जातात कोठे? काही भाग मुळात खर्चच होत नाही. कारण रोध वाढल्यामुळे बॅटरीतून निघणारा प्रवाहच कमी होतो. उरलेला त्या गंजलेल्या सांध्यात जळतो. दोन्ही दिव्यांचा मिळून साडेनऊ ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह आणि २.१ व्होल्ट यांचा गुणाकार केला, तर सुमारे २० वॅट होतात. तरुणाने तो बोल्ट दाखविला तेव्हा आम्ही त्यावर बोट ठेवून पाहिले. पावसाळी गारव्यातही तो चांगलाच ऊन लागत होता. रस्त्यावर पडावयाचा उजेड तेथे, कोणाच्याही उपयोगी न पडता, उष्णतेच्या रूपाने खपत होता.

अधिक वॅटचे बल्ब घालावेत या सल्ल्यातील घातकपणा आता सहज ध्यानात येईल. मोठा बल्ब अधिक प्रवाह मागतो. अधिक प्रवाह सांध्यात अधिक दाब खातो. आणि सांध्यातील उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. उजेड नाममात्र वाढतो, तारांचे वेष्टण वितळू लागते, आणि गंज अधिकच पक्का होतो. जेथे परतीची वाट बिघडली आहे, तेथे पुरवठा वाढविणे हा उपाय नव्हे. तो रोगाला दिलेला खुराक होय.

उपाय त्या तरुणाने दोन पायऱ्यांत केला. प्रथम त्याने बोल्टला हात न लावता एक जाड तार घेतली आणि तिचे एक टोक दिव्याच्या परतीच्या तारेला व दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला टेकविले. गाडीसमोर जांभ्याच्या चिऱ्यांची जुनी भिंत होती. तोपर्यंत ती गढूळ पिवळ्या उजेडात जेमतेम दिसत होती. तार टेकताच ती एकदम उजळली. चिऱ्याचिऱ्यांमधील दर्जा, त्यांत उगवलेले नेचे, खाली वाहणाऱ्या पाण्याची धार, सारे काही एकाच क्षणी स्वच्छ दिसू लागले. तरुणाने तार काढली, भिंत मावळली. पुन्हा टेकविली, भिंत पुन्हा उभी राहिली. दादा चालकाच्या जागेवर बसले होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “म्हणजे डोळे माझे बरे आसत तर.” ओटीवरून वहिनींचा आवाज आला, “मगे आता गाडी इकूची नाय मां?”

आम्ही आयुष्यात पुष्कळ निर्णय ऐकले आहेत, न्यायालयांतील आणि इस्पितळांतील. निर्दोष सुटलेल्या मनुष्याच्या चेहऱ्यावरील भाव त्या संध्याकाळी इन्सुलीच्या अंगणात जितका स्पष्ट पाहिला, तितका अन्यत्र क्वचितच पाहिला असेल.

दुसरी पायरी साध्या मेहनतीची होती. बॅटरीची तार सोडवून झाल्यावर दहाच्या पान्याने बोल्ट काढला. वरून तो घट्ट होता आणि रंगही शाबूत होता. दोष होता तो कडी आणि पत्रा यांच्या मध्ये, जेथे डोळा पोहोचत नाही. तारेच्या टोकाच्या तांब्याच्या कडीवर हिरवी पुटे चढली होती, आणि तिच्याखालचा पत्रा तपकिरी भुकटीने भरला होता. लोखंड आणि तांबे एकमेकांस भिडून खाऱ्या ओलाव्यात राहिले, की त्या दोहोंची आपोआपच एक क्षुद्र बॅटरी बनते आणि तिच्यात लोखंड खाल्ले जाते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो पाचरीसारखा सांध्यात शिरतो. आणि विजेला तो जवळजवळ वाट देतच नाही. तरुणाने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, जुनी कडी कापून नवी बसविली, पत्र्यात रुतेल असा दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, आणि सर्व झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरविला, जेणेकरून ओलावा आत शिरू नये. शिवाय त्या बोल्टपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक स्वतंत्र जाड तारही ओढून दिली. मीटरवर २.१ च्या जागी ०.१ आले. मजुरी दोनशे रुपये. हॉर्नचा दोषही त्याच बोल्टचा निघाला. त्यामुळे त्याचे निराळे पैसे तो घेईना. दादांनी ते आग्रहाने दिले.

या प्रसंगावर विचार करताना आम्हांस असे वाटते की, जाणाऱ्या वाटेकडे जगाचे जितके लक्ष असते, तितके येणाऱ्या वाटेकडे नसते. जाणारी तार रंगीत असते, तिला फ्यूज असतो, स्विच असतो, तिच्यावर पहारा असतो. येणारी वाट मुकी असते. ती गाडीच्या देहातच मिसळून गेलेली असल्यामुळे ती ‘वाट’ आहे हेच कोणास आठवत नाही. जी गोष्ट सर्वांना आधार देते, ती आधार देते एवढ्याच कारणास्तव निर्दोष मानली जाते.

कोकणच्या माणसाला ही गोष्ट समजण्यास विजेचे शास्त्र शिकण्याची आवश्यकता नाही. पिढ्यान् पिढ्या येथली माणसे मुंबईस गेली. गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत त्यांनी आपली शक्ती खर्च केली आणि त्या शहराचा उजेड वाढविला. गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरी, चतुर्थीला व शिमग्याला परतणारी माणसे, ही त्या वर्तुळाची परतीची बाजू होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या वर्तुळाची कमान पुष्कळच विसकटली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि येणे-जाणे पूर्वी कधी नव्हते इतके सुलभ झाले. तथापि गावोगावची कुलूपबंद घरे पाहिली, म्हणजे वाट रुंद होणे आणि सांधा शाबूत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा प्रत्यय येतो. ही उपमा फार ताणण्याचा आमचा विचार नाही. गाव म्हणजे बोल्ट नव्हे आणि चाकरमानी म्हणजे वीज नव्हे. परंतु गावी एकटे राहिलेले वृद्ध “आमचे डोळे गेले, आमचे वय झाले” असे म्हणतात, तेव्हा त्यांतील किती दोष खरोखर वयाचा आणि किती मध्येच कोठेतरी गंजलेल्या सांध्याचा, हे कोणीतरी मोजून पाहावयास हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे. शहरातून पैसा अधिक धाडला की काम भागले असे मानणे म्हणजे मोठ्या वॅटचा बल्ब घालणे होय.

नव्या गाड्यांत आता एलईडी दिवे येऊ लागले आहेत. त्यांना प्रवाह थोडा पुरतो, त्यामुळे सांध्यातील तोटाही थोडा होतो. म्हणून हा रोग नामशेष होईल असे मात्र समजू नये. सांधा पुरता उठला की हे नवे दिवेही मिचकावू लागतात. आणि तापलेल्या तारेच्या दिव्यांच्या लक्षावधी गाड्या अद्यापि आपल्या रस्त्यांवर आहेतच. त्यांपैकी कित्येकींचे चालक या पावसाळ्यात अंधुक रस्त्याकडे पाहून नवे बल्ब विकत घेतील, आणि कित्येक आपल्या डोळ्यांना दोष देतील.

त्या सर्वांस आमची विनंती इतकीच की, दिवा लावून ठेवावा, मीटरची एक कांडी दिव्याच्या परतीच्या टोकावर ठेवावी आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर बल्बच्या दुकानी जाऊ नये, गाडी विकू नये, आणि स्वतःच्या वयालाही बोल लावू नये. पाना घ्यावा आणि अर्थ शोधावा. तो बहुधा दिव्यापासून वीतभर अंतरावरच, थोड्याशा गंजाखाली, सापडतो.